धसकटांतलं गवत

तपासनीस अकराला यायचा होता आणि दादा सकाळी सातपासून घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे आळीपाळीने बघत बसले होते. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यावर काळा चष्मा होता. त्यामुळे आपण कुणाकडे बघतोय ते कुणाला कळत नाही, असा त्यांचा समज होता. कळत सगळ्यांना होतं. चहाचा कप खाली ठेवतानासुद्धा माणसं आवाज होणार नाही अशा बेताने ठेवत होती.

घरालगतच्या बारा एकरात, गहू कापल्यावर उरलेल्या धसकटांमध्ये, गवत उगवलं होतं. शेतात गवत उगवणं ही काही पेपरात छापायची बातमी नव्हे. पण हे आपणहून आलेलं नव्हतं, कुणीतरी पेरणीयंत्र घालून पेरलेलं होतं. दादा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दहा दिवस शहरात बहिणीकडे जाऊन राहिले, तेवढ्यात हे कुणीतरी उरकलं होतं. परत आल्यावरही डॉक्टरांनी धुळीत जायची बंदी केलेली. ओट्यावरून धूसर हिरवं दिसलं तेव्हा मुलगा म्हणाला, कापणीत सांडलेला गहू असेल. दादांनी मान डोलावली. काल मात्र त्यांना राहवलं नाही. सगळ्यांची नजर चुकवून ते बांधापर्यंत गेले आणि वाकून एक पातं उपटलं. गव्हाचं पान आणि गवताचं पान यांतला फरक त्यांना पूर्ण आंधळेपणीही बोटांनी कळला असता. शिवाय सांडलेला गहू कसाही, झुबक्या-झुबक्यांनी उगवतो, ओळ धरून उगवत नाही.

गवत आताच का नको होतं, तर योजनेमुळे. योजनेचं खरं नाव दीड ओळीचं होतं, घरात सगळे तिला नुसतं ‘योजना’ म्हणत. पिकाच्या जमिनी एकामागून एक कुरणांखाली नाहीतर गोदामांखाली चालल्यात आणि खायचं धान्य बाहेरून आणावं लागतंय, हे सरकारच्या उशिरा का होईना ध्यानात आलं होतं. जो शेतकरी पुढची पाच वर्षं जमीन नांगराखाली ठेवील त्याला एकरी मदत मिळणार होती. त्यासाठी जमिनीच्या सगळ्या मालकांच्या सह्या लागत होत्या. पस्तिशीच्या आतल्या कुणीतरी ‘पुढचा कसणारा’ म्हणून सही करायची होती, की पाच वर्षं मी स्वतः हे शेत कसेन. आणि तपासणीच्या दिवशी त्यात पेरलेलं गवत सापडलं, तर ते शेत पाच वर्षांसाठी यादीतून बाद.

सरकारवर या घराचा विश्वास तसा बेताचाच. आबांच्या, म्हणजे दादांच्या वडिलांच्या काळात बांध फोडून शेतं मोठी करायला मदत मिळाली. मग धान्य उदंड झालं म्हणून जमीन पडीक ठेवायला मिळाली. पुढे फोडलेले बांध पुन्हा घाला म्हणूनही मिळाली. आबा म्हणायचे, सरकार म्हणजे घरी आलेला जावई, दर खेपेला त्याला काहीतरी वेगळंच आवडतं. पण या योजनेवर दादांचा जीव जडला होता. आजूबाजूची शेतं हिरवीगार कुरणं होत गेली तसतसे ते एकटे पडत गेले होते. पूर्वी पेरणीच्या दिवसांत चार जण बांधावर थांबून विचारायचे, बी किती खोल सोडलंय. आता विचारणारं कुणी उरलं नव्हतं. योजनेचं पत्रक आलं तेव्हा त्यांनी ते तीनदा वाचलं होतं. आपण गेली तीस वर्षं करत आलो ते चूक नव्हतं, असं कुणीतरी पहिल्यांदाच छापून कळवलं होतं.

साडेसातला बहीण आली. तिचं शहरात औषधांचं दुकान. दोघे भाऊ लहानपणापासून तिला गोळीवाली म्हणत, कारण सातव्या वर्षापासून ती बाहुल्यांना गोळ्या देत होती. बारा एकरांत तिचा तिसरा हिस्सा होता, म्हणून सहीसाठी तिला बोलावलेलं. तिने आल्या आल्या दादांच्या डोळ्याची चौकशी केली, थेंब वेळेवर घालतोस ना ते विचारलं. दादांनी उत्तर द्यायच्या ऐवजी उलट विचारलं,

“डॉक्टर मला आठव्या दिवशी सोडत होते. मी तुझ्याकडे दहा दिवस का राहिलो?”

“मी म्हटलं म्हणून.”

“तेच विचारतोय. तू का म्हटलंस?”

गोळीवाली पर्स उघडून चष्म्याचं घर शोधू लागली. डोळा म्हणजे काही दाढ नव्हे, दोन दिवस जास्त राहिलास तर काय आकाश कोसळलं, असं काहीसं ती पर्समध्ये बघूनच बोलली. दुकानात एक्स्पायरी डेट सांगताना ती समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायची, हे दादांना ठाऊक होतं. त्यांनी मनातल्या मनात एक खूण केली. ही कटात आहे.

मग धाकटा भाऊ आला, गोठ्यातून सरळ, गुडघ्यापर्यंतचे बूट दाराबाहेर काढून. साठ गाई, दोन वेळचं दूध आणि सदा भिजलेल्या बाह्या, असा त्याचा संसार. वाटणीत त्याला बांधापलीकडची जमीन आली होती, ती आता सगळी कुरण; या बारा एकरांत त्याचा हिस्सा नव्हता. गेली तीन वर्षं तो या बारा एकरांवर डोळा ठेवून होता आणि ते त्याने कधी लपवलंही नव्हतं. गव्हात मिळतं त्याच्या दीडपट खंड देतो, जमिनीचं भाडं म्हणून, असं म्हणायचा. गोळीवाली त्याच्या बाजूने होती. दादा एकटेच विरुद्ध. म्हणजे गवत पेरून कुणाचं भलं होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दादांची बायको चहाचा ट्रे घेऊन आली. साऱ्या गोतात तिला वहिनी म्हणत. गावातली परकी माणसंही वहिनीच म्हणत. तिने धाकट्यासमोर कप ठेवला तेव्हा दादांनी सदऱ्याच्या खिशातून एक पिवळी चिठ्ठी काढली आणि टेबलावर, कपाच्या शेजारी ठेवली. बियाण्याच्या पोत्याच्या तोंडाला शिवलेली असते तसली.

“ही कुठली?”

धाकट्याने चिठ्ठी उलटसुलट केली. “माझ्याकडच्या पोत्याची. गवताचं बी.”

“माझ्या शेडमध्ये, माझ्या पेरणीयंत्राखाली सापडली.”

धाकट्याने आधी ट्रेकडे बघितलं, मग ट्रे धरलेल्या हातांकडे, मग आढ्याकडे. दादांच्या लेखी एवढं पुरे होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

“शेडची चावी खुंटीला असते, दादा,” तो म्हणाला. “कुणीही घेऊन जातं.”

“कुणीही म्हणजे कोण? गोठ्यातल्या गाई?”

मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. चोवीस वर्षांचा, हाताने फार हुशार. बंद पडलेली मोटर त्याच्याकडे नुसती आणून ठेवली तरी निम्मी दुरुस्त होते, असं सगळे म्हणत. त्या दहा दिवसांत तो गव्हाच्या गाड्यांबरोबर गोदामावर मुक्कामी होता. त्याला दादांनी या संशयातून वगळलं होतं. तो एकटाच असा होता, की ज्याने आजवर बापाला कुठल्याही गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं.

गोळीवालीने विषय वळवायचा प्रयत्न केला. समजा गवत नसतं, समजा योजना मिळाली, तर पुढे काय, तिने विचारलं. सरकार पाच वर्षं देईल आणि सहाव्या वर्षी त्याला दुसरं काही आवडायला लागेल. तेव्हा तू साठीच्या पुढे असशील, दादा. दुधाचे पैसे आठवड्याला येतात, गव्हाचे वर्षाला, तेही पावसाने परवानगी दिली तर. धाकट्याने मान डोलावली. ते डोलावणंही दादांना खुपलं.

“कुरण करायला एक मोसम लागतो,” दादा म्हणाले. “कुरणाचं परत शेत करायला माणूस लागतो. बी किती खोल सोडायचं, ओल कुठवर आहे, यंत्राचा कुठला फण कधी उचलायचा, हे पत्रकात छापत नाहीत. ज्याला येतं तो गेला की गेलं. आज या पट्ट्यात ते येणारा मी एक आहे आणि माझ्यामागे हा एक.” त्यांनी दाराकडे बोट केलं. “म्हणून सही हवी.”

“त्याला विचारलंस?” गोळीवाली म्हणाली.

“विचारायचं काय त्यात. काय रे?”

“तुम्ही म्हणाल तसं, बाबा,” मुलगा म्हणाला.

“ऐकलंस?”

वहिनी रिकामे कप गोळा करत होती. एक कप दुसऱ्यावर जरा जोरात बसला.

मग दादांनी दुसऱ्या खिशात हात घातला आणि घडी केलेला कागद काढला. पहाटे उठून, डोळ्यावर ताण देऊ नका असं बजावलेलं असताना, त्यांनी तो स्वतःच्या हाताने लिहिला होता. तपासनिसाच्या नावे तक्रार होती. शेजारच्या जमीनमालकाने आमच्या गैरहजेरीत, विनापरवाना, आमच्या शेतात गवत पेरलं. योजनेच्या पत्रकात शेवटच्या पानावर अगदी बारीक अक्षरांत सोय होती. दुसऱ्याने आगळीक केली असेल आणि मालकाने लेखी तक्रार दिली, तर दहा दिवसांत गवत नांगरून टाकायची मुभा मिळे आणि शेत यादीत राही. पेरणाऱ्यावर नोटीस निघे आणि त्याची जी काही सरकारी मदत चालू असेल ती थांबे. धाकट्याच्या गोठ्याला गेली चार वर्षं मदत चालू होती.

गोळीवालीने कागद वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. सख्ख्या भावाविरुद्ध, एवढंच ती म्हणाली. दादा म्हणाले, सख्ख्या भावाने केलं तर सख्ख्या भावाविरुद्धच द्यावी लागते, चुलत कुठून आणू. कुंपणच शेत खायला लागल्यावर दाद मागायची तरी कुणाकडे.

धाकट्याने कागद हातातही घेतला नाही.

“दे तक्रार,” तो म्हणाला. “मला दूध पोचवायचंय. साहेब आला की हाक मार.”

तो बूट चढवून निघून गेला. चोरी पकडली गेली म्हणजे माणूस रागावतो, नाहीतर हातापाया पडतो. हा दोन्ही करत नव्हता. दादांना ते विचित्र वाटलं, पण विचित्र वाटणं म्हणजे विश्वास बसणं नव्हे. त्यांनी कागद घडी करून परत खिशात ठेवला.

तपासनीस सव्वाअकराला मोटारसायकलवरून आला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, सकाळपासूनचं हे चौथं शेत. त्याने पाणी मागून घेतलं, चहा नको म्हणाला आणि सरळ शेताकडे निघाला. मागोमाग दादा, गोळीवाली, मुलगा, आणि सगळ्यांत शेवटी वहिनी. ती कधी अशा कामाला शेतावर येत नसे, पण आज पदर खोचून आली. बांधावर धाकटा येऊन उभाच होता.

तपासनीस उकिडवा बसला. त्याने चार ठिकाणी पाती उपटली, मुळं झटकली, ओळींमधलं अंतर टेपने मोजलं. मग उठून गुडघे झटकले.

“पेरलेलं आहे,” तो म्हणाला. “यात वाद नाही. कुणी पेरलं?”

दादांचा हात खिशाकडे गेला. पण कागद बाहेर यायच्या आत धाकटा म्हणाला,

“मी.”

सगळ्यांनी वळून बघितलं.

“हे त्याला विचारून झालेलं नाही, असं दादाचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. बी माझं. मी पेरलं. नोटीस काढायची ती काढा.”

तपासनिसाने वही उघडली. तसं असेल तर सोपं आहे, तो म्हणाला. मालकांची लेखी तक्रार द्या, दहा दिवसांत नांगर घाला, शेत यादीत राहील. तोवर मी फोटो काढून घेतो. असं म्हणून तो मोबाइल घेऊन शेताच्या मध्यावर गेला.

दादांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट त्यांचा संशय आणखीच बळावला. जो माणूस तीन वर्षं बारा एकर मागतोय, तो आयत्या वेळी ते परत देतो, वर स्वतःच्या गोठ्याची मदतही घालवतो, यात काहीतरी मेख असणार. ते तपासनिसाच्या मागे शेतात शिरले. काय शोधायचं ते ठाऊक नव्हतं. माणूस खोटं बोलत असला तरी शेत खोटं बोलत नाही, एवढं माहीत होतं.

मध्यावर पोचल्यावर त्यांनी काळा चष्मा काढला. ऊन डोळ्यात घुसलं, पाणी आलं, ते त्यांनी बाहीने टिपलं. आणि बऱ्याच वर्षांनी त्यांना एक शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ दिसलं.

ओळी तिरक्या होत्या.

या शेतात पेरणी नेहमी लांबच्या बांधाला धरून व्हायची. आबा तशीच करायचे, दादा तशीच करत, धाकटाही तशीच शिकला होता, मुलगाही. त्यांच्यापैकी कुणी झोपेत पेरलं असतं तरी बांध सोडला नसता. ही पेरणी मात्र शेताच्या एका कोपऱ्यातून निघून तिरपी, दुसऱ्या कोपऱ्यावरच्या घराकडे गेली होती. दादा ज्या ओळीत उभे होते तिच्यावरून त्यांनी नजर हळूहळू पुढे नेली. ओळ कुठे वळत नव्हती. ती थेट घराच्या मागच्या भिंतीवर, झोपायच्या खोलीच्या खिडकीवर जाऊन भिडत होती.

सोळा वर्षांपूर्वी दादांच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. ऐन पेरणीत चार महिने ते त्या खिडकीशी पडून होते. धाकटा तेव्हा परगावी नोकरीला, मुलगा आठ वर्षांचा. वहिनीने कधी ट्रॅक्टरला हात लावलेला नव्हता. दादांनी तिला अंथरुणातून शिकवलं. पण ट्रॅक्टर सरळ काही जाईना. बांधाकडे बघितलं की यंत्र बांधावर चढे, मागे बघितलं की ओळ वाकडी होई. ती रडकुंडीला आली तेव्हा दादा म्हणाले होते, इकडेतिकडे कुठे बघू नकोस. खिडकीकडे बघ. मी आहे इथे. त्या वर्षी बारा एकरांतला गहू तिरपा उगवला. लोक हसले, पण पीक उत्तम आलं. त्यानंतर तिला पेरायची वेळ कधी आली नाही आणि त्यामुळे दुसरी कुठली रीत ती शिकलीच नव्हती.

दादांनी मागे वळून पाहिलं. वहिनी दहा पावलांवर उभी होती. तिने मान खाली घातली नाही.

“कधी?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. भाओजींकडून बी मागून आणलं. कशाला ते त्यांनी विचारलं नाही. पेरताना त्यांनी बांधावरून पाहिलं, तेव्हाही काही बोलले नाहीत. ताईंना मी फोन केला, की दोन दिवस जास्त ठेवून घ्या. त्यांना यातलं बाकी काही ठाऊक नाही.”

म्हणजे कट खराच होता. दादांनी माणसं बरोबर ओळखली होती, फक्त पुढारी कोण ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांना राग यायला हवा होता. पण ते नुसतेच ढेकळावर बसले.

“मला सांगायचं होतंस.”

“दोनदा सांगितलं. तुम्ही एकदा म्हणालात, होईल त्याला सवय. दुसऱ्यांदा म्हणालात, योजना मिळू दे, मग बघू.” ती जवळ आली, आवाज खाली आणून बोलू लागली. “गोदामातली धान्य चढवायची मोटर त्याने दुरुस्त केली, तेव्हा एका लिफ्टवाल्या कंपनीच्या माणसाने पाहिलं होतं. त्यांनी बोलावलंय. उंच इमारतींत लिफ्ट बसवायचं काम, तीन वर्षं शिकवणार. येत्या एक तारखेला हजर व्हायचंय. चार महिने ते पत्र त्याच्या गादीखाली आहे. रोज अंथरूण झटकताना मला दिसतं.”

“मग तो बोलला का नाही?”

“तुमच्यासमोर नाही म्हणायची ताकद त्याच्यात नाही. माझ्यातही नाही. म्हणून शेताकडून वदवून घेतलं.” तिने दूर उभ्या मुलाकडे पाहिलं. “तुम्हालाही आबांनी कॉलेजातून परत आणलं होतं. पुढे तुम्हाला याची गोडी लागली, ते मी पाहिलंय. पण त्याआधीची बारा वर्षंही पाहिलीत. तुम्ही आबांशी कामापुरतंच बोलायचात. तेही माझ्यामार्फत. नांगर आणायला सांग, बी संपलं म्हणून सांग. एका खोलीत बसलेल्या दोन माणसांचे निरोप मी इकडून तिकडे पोचवत होते. मला परत एकदा तसं मध्ये उभं राहायचं नाही.”

दादांनी एक पातं उपटून बोटांत फिरवलं. तपासनीस लांब फोटो काढत होता.

“आणि माझं काय?” त्यांनी शेवटी विचारलं.

“तुमच्यासाठी फार वाईट वाटतं,” वहिनी म्हणाली. “पेरताना रडत होते मी. तरी पेरलं.”

तपासनीस परत आला. त्याने वही पुढे केली. तक्रार द्या, मालकांनी इथे सह्या करा आणि पुढच्या कसणाऱ्याने इथे, असं म्हणून त्याने जागा दाखवल्या. मुलगा पुढे झाला. त्याने सदऱ्याचं पेन आधीच काढून हातात धरलं होतं.

“कुठे करू, बाबा?”

कागद दादांच्या खिशात होता. तो काढून दिला की सगळं जागच्या जागी बसत होतं. धाकट्याने गुन्हा कबूल केलाच होता, बायको कधी तोंड उघडणार नव्हती, मुलगा सही करणार होता. दहा दिवसांत नांगर फिरला असता आणि कुणाला काही पत्ता लागला नसता. दादांना हा मोह झाला, चांगला घशापर्यंत झाला. त्यांना बारा एकर हवे होते. त्यांच्याइतकं कुणालाच ते हवे नव्हते.

“पेन खाली घे,” ते मुलाला म्हणाले. “मी काय म्हणतो ते बाजूला ठेव. तुला ही सही करायची आहे का? हो किंवा नाही, एवढंच सांग.”

“तुम्ही म्हणा—”

“ते नको. हो की नाही?”

मुलाने आईकडे बघितलं. आई दुसरीकडे बघत होती. त्याने काकाकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. कुणीच मदतीला आलं नाही. तपासनिसाने घड्याळ पाहिलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मनगट खाली केलं.

“नाही,” मुलगा म्हणाला.

एवढ्याशा शब्दाने दादांच्या छातीत जे व्हायचं ते झालं. तीस वर्षांचं काहीतरी तिथे आत मोडलं आणि त्याचा त्रास त्यांना पुढे कितीतरी दिवस होणार होता. पण पोराचा आवाज कापला नव्हता, हेही त्यांनी ऐकलं. त्यांनी खिशातला कागद काढला, चार तुकडे करून परत खिशात टाकला आणि तपासनिसाकडे वळले.

“लिहा. माझ्या भावाने काही पेरलेलं नाही, तो उगाच मोठेपणा करतोय. यंत्र घरचं, माणूस घरचा. मी पेरलं.”

तपासनिसाने त्यांच्या हातातला काळा चष्मा पाहिला, मग लाल झालेला डोळा पाहिला.

“ऑपरेशन कधी झालं म्हणालात?”

“लिहा म्हटलं ना.”

त्याने लिहिलं. शेत यादीतून बाद, पाच वर्षं, कारण मालकाने स्वतः गवत पेरलं. दादांनी सही केली. गोळीवालीने डोळे पुसत केली. धाकट्याने शेजारचा साक्षीदार म्हणून सर्वांत शेवटी केली आणि त्याला त्याची तीन अक्षरं लिहायला फार वेळ लागला. मोटारसायकल निघून गेली.

वहिनी आणि मुलगा पुढे चालू लागले. तो तिला काहीतरी सांगत होता, हातवारे करून, बहुतेक लिफ्टचंच, आणि ती ऐकत होती. गोळीवाली त्यांना गाठायला भराभर निघाली. धाकटा मात्र दादांच्या बरोबरीने हळू चालत राहिला. सकाळी त्याला चोर ठरवलं, त्याबद्दल दादांना काहीतरी बोलायचं होतं. पण या घरात तसलं बोलायची कुणाला सवय नव्हती, म्हणून त्यांनी चालता चालता नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. धाकट्याने तो राहू दिला.

“दादा, वहिनींचं नाव कुठेच आलं नसतं,” तो काही वेळाने म्हणाला. “माझ्यावर ढकललं असतंस तर बारा एकर नांगराखाली राहिले असते. नोटिशीचं मी बघून घेतलं असतं. राखायचे होतेस तू.”

“राखले असते रे,” दादा म्हणाले. “पण राखून देणार कुणाला होतो?”